आक्रमक कर्णधार आणि १९२० सालची माघार

भारताचा संघ कसोटी सामना थोडक्यात हरला की देगलूरच्या चहाच्या टपऱ्यांवर निवड समितीची बैठक बसते. अलीकडे अशा बैठका तीनदा तरी जोरात बसल्या. पहिली २८ जानेवारी २०२४ ला. हैदराबादच्या उप्पल मैदानावर पहिल्या डावात १९० धावांची आघाडी घेऊनही आपण इंग्लंडकडून २८ धावांनी हरलो. हा पराभव आपल्याकडे जास्त झोंबला, कारण १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो आणि क्रिकेटपुरते अजूनही आहोत. देगलूरच्या माणसाला वानखेडेपेक्षा उप्पल कितीतरी जवळ. दुसरी बैठक १४ जुलै २०२५ ला, लॉर्ड्सवर. दोन्ही संघांच्या पहिल्या डावात नेमक्या ३८७ धावा, शेवटी १९३ चे लक्ष्य आणि आपण १७० वर सर्वबाद. जडेजा ६१ धावांवर नाबाद उभा आणि सिराजच्या बॅटला लागलेला चेंडू घरंगळत यष्टीवर. तिसरी १६ नोव्हेंबर २०२५ ला, कोलकात्यात. लक्ष्य अवघे १२४, आपण ९३ वर संपलो, दक्षिण आफ्रिका ३० धावांनी जिंकली.

या तिन्ही वेळी चर्चा एकच होती: कर्णधार आक्रमक हवा की शांत. हैदराबादनंतर लोक म्हणाले, रोहित शर्मा फार मऊ पडला, क्षेत्ररक्षक लवकर मागे नेले, ऑली पोपला १९६ धावा करू दिल्या. लॉर्ड्सनंतर तेच लोक म्हणाले, शुभमन गिल फार तापला. तिसऱ्या संध्याकाळी क्रॉलीने वेळ काढला म्हणून गिल त्याच्या अंगावर गेला, टाळ्या वाजवल्या, आणि त्यानेच झोपलेले इंग्लंड जागे झाले. म्हणजे एकदा आक्रमकता कमी पडली म्हणून हरलो आणि एकदा जास्त झाली म्हणून हरलो. ज्या औषधाच्या अभावाने रोगी मरतो आणि ज्याच्या सेवनानेही मरतो, त्या औषधाबद्दल जरा थांबून विचार करायला हवा, असे आमचे म्हणणे आहे.

आक्रमकता म्हणजे बोट दाखवणे, शिवी देणे, छाती पुढे काढणे, ही समजूत टीव्हीने केली. हैदराबादच्या सामन्यात टॉम हार्टली नावाचा फिरकीपटू पहिलीच कसोटी खेळत होता. त्याच्या पहिल्याच चेंडूवर यशस्वी जयस्वालने षटकार मारला. पहिल्या डावात त्याने १३१ धावा देऊन दोन बळी घेतले. कर्णधार स्टोक्सने त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला नाही. मार पडत असतानाही त्याला गोलंदाजी करायला लावले. दुसऱ्या डावात त्याच हार्टलीने ६२ धावांत सात बळी घेतले आणि सामना फिरला. यात ना आरडाओरड होती ना अंगावर धावून जाणे. मार खाल्लेल्या माणसाला 'पुन्हा तूच टाक' असे म्हणण्याची हिंमत तेवढी होती. आमच्या मते कर्णधाराची आक्रमकता ती हीच.

इथून पुढचा प्रश्न टपरीवर कोणी विचारत नाही. तो असा की, ही हिंमत दाखवण्याची जागा आजवर कोणाला मिळाली? 'पुन्हा तूच टाक' असे ज्याला सांगितले गेले तो एक, आणि असे सांगण्याचा अधिकार ज्याला होता तो दुसरा. या दोघांमधली भिंत कशाची बनलेली होती?

कोलकात्याचाच सामना पाहा. त्या अख्ख्या सामन्यात एकच अर्धशतक झाले आणि ते टेंबा बावुमाचे होते, नाबाद ५५. हा माणूस केपटाऊनच्या लांगा या काळ्यांच्या वस्तीत जन्मला. त्याच्या आधी दक्षिण आफ्रिकेचा कायमचा कसोटी कर्णधार कोणी काळा आफ्रिकन झालेला नव्हता. 'कोट्यातला कर्णधार' म्हणून त्याला वर्षानुवर्षे हिणवले गेले. लॉर्ड्सवर आपण २२ धावांनी हरलो, त्याच्या बरोबर महिनाभर आधी, १४ जून २०२५ ला, त्याच मैदानावर पायाचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत ६६ धावा करून त्याने आपल्या देशाला कसोटीचे जगज्जेतेपद मिळवून दिले होते. आणि कोलकात्यात पहिल्याच दिवशी आपल्या खेळाडूंच्या तोंडून त्याच्या उंचीबद्दल निघालेला 'बौना' हा शब्द यष्टीजवळच्या माईकवर सगळ्या जगाने ऐकला. आपल्याकडच्या काही मित्रांना तीही आक्रमकता वाटली. आम्हाला त्यात दुसरेच काही ऐकू आले, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाने कधी सरळ नावाने हाक मारली नाही, त्यांनाही ते ऐकू आले असेल.

दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये ठरवले की हंगामाच्या सरासरीत संघात सहा खेळाडू गौरेतर असावेत आणि त्यांत किमान दोन काळे आफ्रिकन. यावर गुणवत्तेच्या नावाने रडणारे तिथे होते, तसे इथेही आहेत. भारतात असा विषय काढला की 'खेळात जात आणू नका' असे उत्तर मिळते. जणू खेळात जात आम्हीच आणणार आहोत! ती तिथे कधीची बसली आहे, हे पाहायचे तर पुण्याला जावे लागेल, १८९० च्या दशकात.

बाळू पालवणकर हे चांभार समाजातले. वडील सैन्यात होते, म्हणून मुलगा लष्करी छावणीच्या आसपास वाढला. बाबासाहेबांचे वडीलही सैन्यातलेच. अस्पृश्यांना गावकीबाहेरचा पहिला श्वास छावणीत मिळाला, हे आपल्या इतिहासात वारंवार दिसते. बाळूंनी आधी पारशांच्या मैदानावर तीन रुपये महिन्याने काम केले, मग पूना क्लबात चार रुपयांवर. काम काय, तर खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे. कॅप्टन ग्रेग हा त्या क्लबातला मोठा फलंदाज. त्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. ग्रेग रोज तासभर आधी येई आणि बाळू डावखुरी फिरकी टाकत राहत. त्यातून ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी घडली. पण एक गोष्ट विसरू नका: त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हे मालकाचे काम आणि गोलंदाजी हे मजुराचे. श्रम एकाने करायचे आणि शोभा दुसऱ्याची. ही विभागणी आपल्याला कुठून ओळखीची वाटते, हे आम्ही सांगायला नको.

पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, पण तो अस्पृश्य. क्लबातल्या तेलुगू सभासदांचे म्हणणे घ्यावे असे होते, तर पुणेरी ब्राह्मणांचा विरोध होता. (तेलंगणाच्या वेशीवर राहणाऱ्या आम्हा देगलूरकरांना ही नोंद वाचून बरे वाटते, एवढे मान्य करतो.) अखेर बाळूंना घेतले. मैदानावर सगळे त्यांनी स्पर्श केलेला तोच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगत वेगळी. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! धर्मशास्त्राचा हा पोटनियम कोणत्या स्मृतीत आहे, ते पंडितांनी सांगावे.

प्लेगच्या दिवसांत, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी त्या सामन्यात आठ बळी घेतले आणि धाकटा भाऊ शिवराम त्यांच्यासोबत खेळत होता. सुधारकांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या विजयाचा संबंध जातीचे बंधन सैल होण्याशी जोडला. पुढे १९११ मध्ये भारतातून संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय १९. हे महाराज मोजकेच सामने खेळले. बाळू पस्तिशीतले, दुखरा खांदा घेऊन खेळत राहिले आणि दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले, दर बळीमागे १९ हून कमी धावा देऊन. संघ २३ पैकी १५ सामने हरला, त्यातही या एका माणसाने अब्रू राखली. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी तरुण भीमरावांचे नाव जोडलेले आहे. शिकणाऱ्या भीमरावांना या खेळाडूचा अभिमान होता.

आता कर्णधारपदाकडे येऊ. १९१० पासून बाळूंना हिंदू संघाचे कर्णधार करावे अशी मागणी होत होती. अनुभवात, वयात, कामगिरीत त्यांच्या बरोबरीचा दुसरा नव्हता. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. आजच्या टपरीवरच्या निवड समितीलाही हे आकडे पुरले असते. तरी दरवर्षी नाव दुसऱ्याचेच निघे. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी एका समारंभात स्वतःच सांगितले की हा मान आपल्यापेक्षा ज्येष्ठ बाळूंना मिळायला हवा होता. पै सारस्वत ब्राह्मण होते. त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही मोकळेपणाने नोंदवतो. पण व्यक्तीच्या चांगुलपणाने व्यवस्था हलत नाही. पै बोलले, टाळ्या पडल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले.

कारण कर्णधारपद ही गोलंदाजीसारखी गोष्ट नाही. गोलंदाज राबतो, कर्णधार हुकूम देतो. अस्पृश्याने टाकलेल्या चेंडूवर जिंकणे सवर्णांना चालत होते. अस्पृश्याने 'तू तिकडे उभा राहा' म्हटल्यावर तिकडे जाऊन उभे राहणे चालत नव्हते. आपले सैनिक चालतात, सेनापती चालत नाही.

मग १९२० साल उजाडले. हे साल कोणते, ते आपल्या वाचकांना सांगावे लागू नये. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, मेमध्ये नागपूरची. त्याच वर्षाच्या अखेरीस चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ जाहीर झाला. बाळूंना वगळले होते. पै आजारी, म्हणून मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यासाठी कर्णधार नेमले पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. देवधर उत्तम फलंदाज होते, यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम हे दोघे पालवणकर बंधू त्यांना ज्येष्ठ होते आणि त्यांच्या हक्काचा विचारच झाला नाही. तेव्हा या दोघांनी संघातून आपली नावे मागे घेतली. गुपचूप नव्हे. वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन करून त्यांनी सांगितले की कर्णधार निवडताना खेळ पाहिला गेला नाही, जात पाहिली गेली, आणि हा अपमान ज्या समाजातून आम्ही येतो त्या समाजाचा आहे.

त्या काळी खेळाडूला मानधनाचे करार नव्हते, समाजमाध्यमे नव्हती, पाठीशी उभी राहणारी संघटना नव्हती. जिमखाना सवर्णांचा, मैदान सवर्णांचे, पुन्हा बोलावणे येईल की नाही तेही त्यांच्याच हाती. अशा वेळी खेळाडूने स्वतःचा खेळ पणाला लावून 'तुमच्या अटीवर खेळणार नाही' म्हणणे, याला आम्ही आक्रमकता म्हणतो. कागदावर ती माघार होती. महाडला चवदार तळ्यावर जायला अजून सात वर्षे होती.

परिणाम दिसला. मुंबईत ओरड झाली. पारशांविरुद्धच्या सामन्याआधी समेट झाला: पै परतले, बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावले, दोघे भाऊही आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या हाताखाली खेळला. दहा वर्षांच्या मागणीचे फळ एवढेच, मैदानावरचा थोडा वेळ. पण बांध फुटला होता. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, १९२६ पर्यंत राहिले, आणि या चार वर्षांत हिंदू संघाने तीनदा चौरंगी जिंकली. म्हणजे दहा वर्षे ज्यांना 'नेतृत्व जमणार नाही' म्हणून बाजूला ठेवले, त्या घरातल्या माणसाने संधी मिळताच हा निकाल दिला.

विठ्ठलांच्या कर्णधारपदाचे श्रेय तेव्हाच्या राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी गांधीजींच्या अस्पृश्यता-निवारणाच्या प्रचाराला दिले. आजही अनेक लेखांत तसेच छापून येते. आमचा याला साफ विरोध आहे. प्रचाराने वातावरण तयार झाले असेल, पण दार उघडले ते १९२० च्या नकाराने. मिळालेला हक्क हा दात्याच्या उदारतेचा पुरावा म्हणून लिहायचा आणि मागणाऱ्याने दिलेली किंमत तळटीपेत टाकायची, ही इतिहासलेखनाची जुनी खोड आहे.

वेस्ट इंडिजचा दाखला पाहा. तिथेही फलंदाज, गोलंदाज काळे आणि कर्णधार गोरा, हा जणू निसर्गनियम होता. जॉर्ज हेडलीला १९४८ मध्ये एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले. सी. एल. आर. जेम्स यांनी त्रिनिदादच्या 'द नेशन'मधून मोहीम चालवली, तेव्हा कुठे फ्रँक वॉरेल १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर पूर्ण मालिकेसाठी कर्णधार झाला. ब्रिस्बेनची पहिली कसोटी बरोबरीत सुटली, कसोटीच्या इतिहासातली पहिली. मेलबर्नची शेवटची कसोटी ते दोन गड्यांनी हरले आणि मालिका १-२ ने गेली. थोडक्यात पराभव! पण मेलबर्नचे लोक रस्त्यावर आले ते पाहुण्यांना निरोप द्यायला, आणि त्या दोन देशांच्या मालिकेचा चषक आजही हरलेल्या कर्णधाराच्या नावाने ओळखला जातो.

आमच्यातले काही मित्र विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की बाळूंचे एवढे गोडवे कशाला? हेच बाळू १९३२ मध्ये संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले, १९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात लढले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. हे खरे आहे आणि ते आम्ही झाकणार नाही. पण त्या निवडणुकीकडे क्रिकेटच्या डोळ्यांनी पाहा. काँग्रेसने बाळूंना काय दिले? चेंडू दिला, बाबासाहेबांना बाद करण्यासाठी. कर्णधारपद नाही. पूना क्लबात चार रुपयांवर ग्रेगला गोलंदाजी करणाऱ्या तरुणाला जे काम दिले होते, तेच साठी गाठलेल्या बाळूंना पुन्हा दिले गेले.

बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मागितले ते नेमके निवड समितीचे मत होते: आमचा कर्णधार आम्ही निवडू. पुणे करारात जागा मिळाल्या, १४८ मिळाल्या, पण अंतिम निवड सगळ्यांच्या मतांवर गेली. देगलूर विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आपला आमदार आपल्यातला असतो. त्याचे तिकीट कुठल्या वाड्यावर ठरते, हे देगलूरच्या मतदाराला आम्ही सांगण्याची गरज नाही. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांतही हेच दिसते. वस्तीतला पोरगा अनवाणी धावत येऊन यष्ट्या उडवतो, आणि नाणेफेकीला जातो तो, ज्याच्या घरून प्रवेश फी भरली जाते.

पालवणकर आणि देवधर यांच्या १९२० च्या त्या निवडीचा निकाल अजून लागायचा आहे, असे आम्हाला कधीकधी वाटते. देवधरांच्या नावाने १९७३-७४ पासून देवधर करंडक खेळला जाऊ लागला. रणजी, दुलीप, इराणी, विजय मर्चंट, सी. के. नायडू, सगळ्यांच्या नावाच्या स्पर्धा आहेत. ज्याने सगळ्यांच्या आधी इंग्लंडात ११४ बळी घेतले त्याच्या नावाने क्रिकेट मंडळाची एकही राष्ट्रीय स्पर्धा नाही. 'नावात काय आहे' असे नांदेड जिल्ह्यात कोणी म्हणू नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांनी १९७८ मध्ये जीव दिला आहे, नांदेडात गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये स्वतःला पेटवून घेतले आहे. सोळा वर्षे झगडून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नावासाठी काय मोजावे लागते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या भीमजयंतीला तालुक्यात जिथे जिथे क्रिकेटचे सामने भरवले जातील, तिथे एका तरी चषकाला बाळू आणि विठ्ठल पालवणकर यांचे नाव द्या. विठ्ठलांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे १९४८ चे मराठी आत्मचरित्र कोणाच्या संग्रहात असेल तर ते मुलांना वाचायला द्या. आणि स्पर्धेच्या नियमांत एक कलम घाला: प्रवेश फी कोणीही भरो, प्रत्येक संघाचा कर्णधार त्या संघातले अकरा जण चिठ्ठ्या टाकून निवडतील, आणि त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजल्या जातील.

जय भीम!